बोटीतून दिसलेली आई

मला वाचता येत नाही हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. तेही कोल्हापुरात, कॉलेजात, भरल्या वर्गात. तोवर मी स्वतःला मोठी वाचणारी समजत होते. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मराठीचा पहिला नंबर मी कधी कुणाला दिला नाही. रसग्रहण तर माझ्या हातचा मळ. धडा कशावरही असो, 'प्रस्तुत पाठात लेखकाने अत्यंत समर्पक शब्दांत' एवढं लिहिलं की पुढं पेन आपोआप पळायचं. छापून आलंय म्हणजे चांगलंच असणार, आपण फक्त किती चांगलं ते सांगायचं. लेखकाला उलटं विचारायचं असतं, हे आमच्याकडं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक पेपर होता, चिकित्सक वाचन आणि निबंधलेखन. त्यात मी पहिल्या झटक्यात आडवी झाले. बाकी सगळे विषय सुटले, हा एकच राहिला, आणि हा सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आणि एकदा बस. न्हाय जमलं तर ये घरला. म्हशी हायतच की."

तिनं ते सहज म्हटलं होतं. पण माझ्या काळजात चर्र झालं. कारण म्हशींशी माझं जुनं वाकडं होतं, आणि ते आईला ठाऊक नव्हतं.

ते आधी सांगून टाकते. मी सातवीत असताना कृष्णेला मोठा पूर आला. आमच्या गावाला पूर काही नवा नाही. दरवेळी पाणी वेशीत येतं, बायकापोरं पावण्यांकडं जातात आणि घरटी एक माणूस जनावरांपाशी मागं राहतं. रीतच आहे ती. राहतात ते बहुतेक गडीमाणसं. आमच्या घरात मात्र आई राहिली. बाबांना म्हशी अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत, आईशिवाय पान्हा सोडायच्या नाहीत. पाणी वाढलं तशी तिनं आणि चारदोन शेजाऱ्यांनी जनावरं दूध सोसायटीच्या वरच्या मजल्यावर चढवली. मग बोट आली. बोटवाले घसा फाडून सगळ्यांना चला म्हणून सांगत होते. आईनं मला उचलून बोटीत चढलेल्या बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी ऱ्हातो हितंच." आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. बोट निघाली. मी उभी राहून दोन्ही हात हलवून ओरडत होते, आई ये, आई ये. आणि वर गॅलरीत, म्हशींच्या पुढ्यात उभी राहून माझी आई हसत हात हलवत होती. मी जणू सहलीला निघाले होते.

जयसिंगपूरच्या एका शाळेच्या वर्गात आम्ही सतरंजीवर राहिलो. रोज रात्री बाबा कुणाकुणाच्या फोनवरून गावची खबर काढायचे आणि मला झोपलेली समजून बाहेर जाऊन रडायचे. पाणी उतरल्यावर आई आली. पाय पांढरेफटक, कातडी सुटलेली. पहिला शब्द काय तर, "जेवलीस?" मी नुसती मान हलवली. त्या दिवसापासून आमच्यात एक गोष्ट बोलायची राहून गेली ती राहूनच गेली. म्हशी का मी, असं विचारलं असतं आणि ती म्हशी म्हणाली असती तर काय करायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

तर हा पेपर. आमच्या मॅडम बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक, पण प्रश्न असा विचारायच्या की बसल्या जागी घाम फुटावा. फेरपरीक्षेला लेखी पेपर नव्हता. त्यांनी दिलेला एक लेख वाचायचा, त्यावर आपला निबंध लिहायचा, तो पटेपर्यंत त्या परत देणार आणि सत्र संपायच्या आत पटला नाही तर नापास. मला त्यांनी दिला तो एका वर्तमानपत्रातला जुना लेख होता. विषय, पूरग्रस्त गावांतली माणसं वेळेवर घर का सोडत नाहीत.

मी तो हॉस्टेलच्या पायरीवर बसून वाचला आणि अंगावर काटा आला. लेखक म्हणत होता की हा निव्वळ अडाणी हट्ट आहे. सूचना मिळूनही ही माणसं हलत नाहीत, वाचवायला येणाऱ्यांचे जीव धोक्यात घालतात, आणि त्यांना लेकरांपेक्षा जनावरं प्यारी असतात. ते शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं. इतक्या वर्षांनी माझ्या बाजूनं बोलणारं कुणी भेटलं होतं! त्या रात्री मी झरझर निबंध लिहिला. लेखकाने अत्यंत समर्पक शब्दांत वास्तव मांडले आहे, वगैरे. पण खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा 'समर्पक' हा शब्द मी मनापासून लिहिला होता.

मॅडमनी वर्गात माझा कागद वर धरला. "यात तुझं मत कुठं आहे?"

"मॅडम, हेच माझं मत आहे."

"बरं. मग सांग, लेखक त्या गावात गेला होता का?"

मी लेख चाळला. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"मागं राहिलेल्या एका तरी माणसाशी तो बोलला आहे का? त्या माणसाचं एक वाक्य दाखव मला."

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. एकही नव्हतं. दोनदा वाचूनही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. कान तापले. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसुखुसु हसलं.

"तू शिरोळकडची ना? मग तुला तर माहीत असेल. का थांबतात?"

काय सांगणार? आईला म्हशी आवडतात म्हणून? मॅडमनी थोडी वाट पाहिली आणि कागद परत दिला. वर्गाला म्हणाल्या, कागदाच्या मधोमध घडी घाला. डावीकडं लिहा काय दिसतंय, काय लिहिलंय. उजवीकडं लिहा आपण काय धरून चाललोय. माझी डावी बाजू जवळजवळ कोरी राहिली. उजवी भरून वाहिली.

मला त्यांचा असा संताप आला की विचारू नका. या कुठल्या गावच्या, यांच्या घरात पाणी शिरलं होतं का कधी? चार पुस्तकं वाचली म्हणून आमचं दुःख आम्हालाच सिद्ध करून दाखवायला सांगतात! खोलीवर येऊन मी उशी भिंतीवर फेकली. माझी रूममेट चंदगडची, शांत स्वभावाची. घरून आणलेले काजू पुढ्यात सरकवत म्हणाली, "अगं, त्यांना पाहिजे ते लिहून दे आणि मोकळी हो."

त्यांना काय पाहिजे हेच तर कळत नव्हतं. मग मी म्हटलं, विरोधी पाहिजे ना, घ्या विरोधी. दुसरा निबंध मी आईच्या बाजूनं लिहिला. शाळेत आईवर निबंध किती लिहिलेत, विषय पाठच होता. त्याग घातला, वात्सल्य घातलं, मुक्या जिवांसाठी मृत्यूला सामोरी जाणारी माउली घातली. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं ते उत्तम जमलं होतं. वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली असती.

मॅडमनी माझ्यासमोरच वाचला. चष्मा काढून पुसला. "यातली आई कुणाचीही चालेल," त्या म्हणाल्या. "पहिल्या निबंधात तू थांबलेल्या माणसांना फाशी दिलीस. या निबंधात मखरात बसवलंस. त्यांच्यापैकी कुणाला कधी विचारलंस का, की बाई, का थांबलीस?"

"नाही."

"मग तुझ्यात आणि त्या लेखकात काय फरक?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी थँक्यू मॅडम म्हणाले आणि थेट बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सत्र संपत आलेलं. मी लायब्ररीत जाऊन बसायचे, घडी घातलेला कागद पुढं आणि डोकं सुन्न. एक वाक्य लिहिलं की मॅडमचा आवाज यायचा, कशावरून? दुसरं लिहिलं की परत, कशावरून? हळूहळू मला एकही वाक्य लिहिता येईनासं झालं. घरी चिठ्ठी लिहायची म्हटली तरी जमली नसती. वर्गातली बाकीची पोरं पटापट सुटली. एक जण तर म्हणाला, मी फक्त प्रत्येक परिच्छेदात 'परंतु' घातलं, झालं काम. मीही 'परंतु' घालून बघितलं. नाही चाललं. मेसमधलं ताट तसंच परत सारायचे. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की मी दुसऱ्या बाजूनं जायचे, काय झालं पेपरचं असं विचारील म्हणून. रात्री डोळा लागला की दूध सोसायटीचा तो वरचा मजला दिसायचा, आणि मी तिथं पाणी उपसतेय, शेण काढतेय, आणि आई बोटीत बसून निघून चाललीय.

एका सकाळी मी बॅग भरली. रूममेट म्हणाली, "कुठं?" म्हटलं, "म्हशींकडं. तसंही तिथंच जायचंय, आत्ताच गेलेलं काय वाईट?" तिनं मला अडवलं नाही. फक्त टेबलावरचा तो लेख घडी करून बॅगेच्या वरच्या कप्प्यात सारला. स्टँडवर येऊन एसटीत बसले. जयसिंगपूर मागं गेलं, उसाची हिरवी भिंत दोन्ही बाजूंनी सुरू झाली, आणि मला वाटलं संपलं सगळं.

घरी पोचले तेव्हा आई धारेला बसली होती. मला बघून तिचा हात थांबला नाही. "आलीस? सुटला पेपर?"

"नाही."

"मग?"

मग काय, मी फुटले. म्हशीच्या पाठीशी उभी राहून सगळं सांगितलं. दोन्ही निबंध, मॅडम, सगळं. आणि रागाच्या भरात तो लेख काढून मोठ्यानं वाचूनच दाखवला. लेकरांपेक्षा जनावरं प्यारी, ते वाक्य तर मुद्दाम सावकाश वाचलं. दुधाची धार बादलीत वाजत होती. वाचून झालं. आता ती चिडेल, त्या लेखकाच्या आईबापाचा उद्धार करील, असं मला वाटलं.

"बरोबर हाय की त्याचं," आई म्हणाली.

"काय बरोबर?"

"निघायला पायजे हुतं. चुकलंच त्ये." तिनं बादली बाजूला ठेवली. "देवळाच्या खांबाला रेघ हाय बघ, मागल्या म्हापुराची. तुझ्या आज्याच्या येळची. सगळं गाव त्या रेघंवर इसंबून हुतं. तिच्यावर पाणी जायाचं न्हाय, आसं धरून चाललो. आन् गेलं. वर चढलो तवा वाटलं हुतं सांजपतोर उतरंल. मग जिन्यात पाणी आलं तशी माझी बोबडी वळली. दोन रेडकं डोळ्यादेखत गेली. रातभर नुसतं देवाचं नाव घ्यायाचो."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कुठं विचारलं होतं?

"पर त्यो आडाणी म्हनतोय, त्ये काय मला पटत न्हाय," ती म्हणाली. "आडाणी म्हंजे इचार केलाच न्हाय. आमी इचार केलता. चुकला. आन् बोटीत जनावरं घेत न्हवते, जनावरांची छावणी लागली ती पाणी उतरल्यावर. त्ये लिवलंय का त्येनं?"

"नाही लिहिलेलं."

"मग लिव की तू."

मला खरं तर एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. निबंधाला पाहिजे ते सगळं मिळालं होतं. पण इतक्या वर्षांचं साचलेलं, ते थांबतंय होय? मी विचारलंच. "आणि मी, आई? मला पाठवून दिलंस ती?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की काय खुळ्यासारखं विचारते ही. "तुला तुझा बाप हुता," ती म्हणाली. "म्हशीस्नी कोन हुतं?"

आणि बादली उचलून आत गेली. मी तिथंच उभी. एवढंच? हे काय उत्तर झालं? मला रागही आला आणि त्यात खोट काढायलाही जागा सापडेना. रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सोप्यात बसून कागदाच्या मधोमध घडी घातली आणि लिहायला घेतलं. मागं वळून बघितलं नाही. पहिलं वाक्य बोटीचं लिहिलं: 'बोट निघाली तेव्हा माझी आई वरच्या गॅलरीतून हसत हात हलवत होती.' मग लेखकाचं म्हणणं काय ते लिहिलं. त्याचं कुठलं बरोबर आहे ते लिहिलं, कुठलं तो नुसतं धरून चाललाय ते लिहिलं. रेघेबद्दल लिहिलं. देवळात जाऊन ती हातानं चाचपून आले, खरंच आहे ना म्हणून. छावणीचं एकट्या आईच्या तोंडचं नको म्हणून शेजारच्या दोन घरांत जाऊन विचारलं. आणि शेवटी लिहिलं की, माझ्या मते आईनं तेव्हा निघायला हवं होतं, तिचा निर्णय चुकला, पण तो अडाणीपणा नव्हता. आईच्या विरोधात एक वाक्य लिहायला मला किती वेळ लागला, काय सांगू. आणि तरीही पहिल्यांदाच ते वाक्य माझं वाटलं.

शेवटच्या दिवशी निबंध दिला. मॅडम वाचत होत्या तेव्हा मी दाराशी उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. पास की घरी, दुसरं काही डोक्यात नव्हतं. त्यांनी पेन्सिलनं इथंतिथं खुणा केल्या. मग कागद माझ्याकडं सरकवला. खाली जेमतेम पासापुरते मार्क होते.

"जा तिसऱ्या वर्षाला," त्या म्हणाल्या.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि भांडावंसंही वाटलं. कारण पहिल्याच वाक्यात 'हसत' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'एवढ्या लांबून दिसलं?' बघा आता! माझी आई, माझे डोळे, मी स्वतः बोटीत, आणि या विचारतात दिसलं का. तिसऱ्या वर्षाच्या आनंदातही ती पेन्सिलची खूण माझ्या डोक्यात गेली.

सुट्टीला घरी गेले तेव्हा आई म्हणाली, "वाच की काय लिवलंयस. माझ्यावर लिवलंयस म्हनत्यात." सातवीपर्यंत शिकलेली आहे ती, वाचता येतं तिला, पण तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. जेवणं झाली होती. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली, पदरानं तोंड पुसलं. तिचा निर्णय चुकला हे वाक्य तिच्या तोंडावर कसं वाचायचं, याचीच मला धाकधूक. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"बोट निघाली तेव्हा माझी आई वरच्या गॅलरीतून हसत हात हलवत होती."

"थांब थांब," आई म्हणाली. "कोन हसत हुतं?"

"तू."

"मी? मी रडून रडून बेजार झालतो." ती सरळ होऊन बसली. "तू उभी ऱ्हाऊन दोनी हात हालवत हुतीस. मला वाटलं पोरगी टाटा करतीया, आपन न्हाय केला तर तिला भ्या वाटंल. म्हून मीबी हात हालिवला."

मी म्हटलं, "आई, मी तुला बोलवत हुतो. वरडत हुतो, ये म्हणून."

आई माझ्याकडं बघत राहिली. "पान्याचा केवढा आवाज हुता," ती म्हणाली. "काय सुदिक ऐकू आलं न्हाय मला. उलट बरंच वाटलं हुतं. म्हटलं, धीराची हाय माझी पोरगी, रडत न्हाय."

मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "वाच म्होरं."

मी कागद जवळ धरला, पण मला पुढचं अक्षर दिसेना.